चार आण्यांचा वाटा

मला राग येतो तो आधी वकिलाचा, मग कोर्टाचा, मग त्या ट्रकवाल्याचा. स्वतःपर्यंत यायला मला नेहमीच उशीर होतो.

एकोणऐंशी साली साकोलीच्या हमरस्त्यावर माझ्या थोरल्या भावाला, बुधरामदादाला, ट्रकने उडवलं. दादा दिघोरीहून सायकलला मासळीची टोपली बांधून बाजाराला निघाला होता. हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकेनासा झाला. ज्याचा पाय वाकत नाही तो तलावात उतरून जाळं काय टाकणार? नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने वाकेल, नऊ हजार लागतील.

माझं नाव सेवक. मी साकोलीला प्राथमिक शिक्षक. आमच्या ढीवरांच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक, त्यामुळे कुणाचाही कागद आला की माझ्याच दारात. मीच दादाला आणि सखावहिनीला भंडाऱ्याला मधुकरराव वकिलांकडे नेलं.

"आज काही देऊ नका," वकील म्हणाले. "भरपाई मिळाली तर रुपयात चार आणे माझे. नाही मिळाली तर माझी फी बुडाली. मात्र हे कुठे लिहायचं नसतं."

दादाचा चेहरा खुलला. "म्हंजे जाळेवाल्याचा वाटा!"

आमच्या तलावावर रीतच आहे. ज्याचं जाळं, त्याला मासळीत वाटा. पण सूत, रंग, दुरुस्ती सगळं त्यानं त्याच वाट्यातून भागवायचं. मासळी लागली नाही तर तोही रिकाम्या हातानं घरी जातो. फक्त ज्याच्या हलगर्जीपणानं जाळं फाटेल, त्यानं ते पदरच्या सुतानं शिवून द्यायचं.

दादा मुनशीकडे अंगठा द्यायला गेला, तेव्हा वकील मला हळूच म्हणाले, "गुरुजी, खर्च वेगळा हं. स्टॅम्प, टायपिंग, साक्षीला येणाऱ्या डॉक्टरांची फी. आता मी घालतो, शेवटी कापून घेईन. यांना नीट समजावून सांगा."

मी मान हलवली. वेगळा म्हणजे चार आण्यांच्या आत की बाहेर, ते मला कळलं नव्हतं. विचारायची लाज वाटली. मास्तर ना मी! दादाला मी काहीच सांगितलं नाही.

मग चार वर्षं नुसत्या तारखा. कधी साहेब रजेवर, कधी विमा कंपनीचा कागद आलेला नाही. डॉक्टर एकदाचे आले तर साहेबांची बदली झालेली. दर खेपेला दादा एसटीत ताठ पाय वाटेत सोडून बसायचा आणि कंडक्टरची बोलणी खायचा. मी वैतागून म्हणायचो, सोड ना दादा हा नाद! पण वहिनी ऐकायची नाही. तिला त्याला पाण्यात उतरलेलं पाहायचं होतं.

त्र्याऐंशीत निकाल लागला. व्याजासकट बारा हजार.

वहिनीने बोटांवर हिशोब केला. "तीन वकिलाचे. रायले नऊ. बराबर नऊ!" इतकं हसताना मी तिला चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

बँकेतून पैसे काढून आम्ही तसेच वकिलांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. चार हजार आठशे. वरचे अठराशे खर्चाचे.

"अठराशे कायचे?" वहिनी भडकली. "वाटा देऊन राहिलो ना तुमाले? सूत तुमच्याच वाट्यातलं!"

"सूत? कसलं सूत, बाई?" वकिलांनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. पावत्या सगळ्या खऱ्या होत्या. "मी गुरुजींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही, गुरुजी?"

लिहिलेलं कुठे काहीच नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. वहिनी माझ्याकडे आशेनं बघत होती.

"हो," मी म्हणालो.

दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून नोटा काढल्या आणि वकिलांपुढे ठेवल्या. "घ्या, मोजून घ्या. भावानं हो म्हतलं, त म्याच म्हतलं."

स्टँडवर आम्ही तिघं बाकावर बसलो. दादाच्या पिशवीत सात हजार दोनशे उरले होते. त्यात ऑपरेशन होत नव्हतं.

"अठराशे मी भरतो, दादा," मी म्हणालो. मुलीच्या लग्नासाठी पोस्टात दोन हजार साठवले होते. खरं सांगायचं तर दादा नको म्हणेल, याची मला खात्री होती.

"राहू दे, सेवक. तुले बी पोरगी हाये."

मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण हायसंच वाटलं.

"काहून राहू दे?" वहिनी रडत नव्हती, ओरडतही नव्हती. दादाचा ताठ पाय तिने मांडीवर घेतला होता. "जाळं भाऊजीच्या हातानं फाटलं. शिवतील थे."

मी मान हलवली. या खेपेला कशाला मान हलवतोय, ते मला नीट कळलं होतं.