इरम्माच्या बाजरीचा डेरा

मित्रांनो, मुरुम गावाजवळच्या एका घरात चुलीमागं राखेनं भरलेला एक डेरा पडून आहे. तो जुना डेरा म्हणजे मी. आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, पण निजामाच्या राज्यात याच घरात माझा थाट काही और होता. कुंभाराकडून मी थेट इरम्माच्या हाती आलो. तिनं मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि माझा आवाज तिला पसंत पडला.

त्या साली बाजरीवर गोसावी पडला होता. फार वाईट रोग हा. ओल्या हवेत पानांखाली पांढरी बुरशी धरते आणि कणसाला दाण्यांऐवजी पानांच्या जटा फुटतात. सगळं रान जटाधारी झालं, पण बांधाकडचं एकच रोप, एकच ताट धडधाकट उभं राहिलं. इरम्मानं त्याला चिंधी बांधली आणि त्याचे दाणे राख मिसळून माझ्या पोटात ठेवले.

"त्या बारक्या कणसाचं काय गं एवढं कवतिक?" शेजारणी हसल्या.

"त्याच्या अंगातच हाय ते," ती म्हणाली. "बापाचं नाक लेकाला येतंय, तसं हे बी लेकरांत उतरंल."

उतरलं, पण सगळ्यांत नाही. पुढच्या साली त्यातली काही रोपं रोगट निघाली. ती तिनं फुलोऱ्याआधीच उपटून टाकली, कारण बाजरीचा पराग वाऱ्यावर उडतो आणि चांगल्यात वाईट मिसळतं. उरलेल्यांचं पुन्हा बी धरलं. दरसाल मी तिच्या डोक्यावरून ऐटीत रानात जाई आणि दरसाल रोगट ताटं कमी होत. शेवटी मी काठोकाठ भरलो. "आता समद्या रानात हीच पेरायची," ती मला थोपटून म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

तो हिवाळा रझाकारांच्या धास्तीचा होता. इरम्मा लेकीच्या बाळंतपणाला जळकोटला गेली आणि तिकडेच अडकली. इकडे वेळ अमावास्या आली. त्या दिवशी आमच्याकडे येईल त्याला रानात बसवून जेवू घालतात, आणि बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, नसतील तर ते जेवणच नव्हे. घरची बाकी बाजरी तर गोसाव्यानं गिळलेली. इरम्माचा मुलगा हणमंतप्पा मला खाली उतरवू लागला.

"अवो, आत्यांनी त्याला हात लावू नगा म्हणलंय," त्याची बायको शांतम्मा काकुळतीला आली.

"आवसंला पावणा रानातनं उपाशी जाऊ द्यायचा व्हय? बी काय, मुरुमच्या बाजारात पोत्यानं मिळतंय."

आधी त्यानं निम्मंच घेतलं. मग पाहुणे वाढले. मला ओरडता आलं असतं तर! माझा तळ दिसला तेव्हा रानात उंड्यांची तारीफ चालली होती.

इरम्मा परतली. आल्या आल्या तिनं माझ्यात हात घातला. हाताला नुसती राख लागली. शांतम्मा पदरात तोंड लपवून रडत होती. इरम्मा तिच्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "उंडे गोड झालते का गं?"

पुढं बाजारचं बी पेरलं. पावसानं झड धरली आणि सगळं रान जटांनी भरलं. इरम्मा चिंधी घेऊन पिकाच्या ओळीओळीतून हिंडली. बांधायला एक ताट सापडलं नाही. ती चिंधी तिनं माझ्यात टाकली, आणि पुन्हा पेरणी व्हायच्या आत ती गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी चार दाणे बाजूला ठेवले असतील, तर ते कशासाठी, एवढं त्यांना विचारा. ती माणसं जवळ आहेत तोवरच विचारा. माझ्या घरी आता तशी वेळ उरली नाही. रोज सकाळी चुलीतली राख माझ्यात पडते आणि ती चिंधी आणखी खाली जाते.