तळहातावरचा डाग

नेत्रा घरी पोचली तेव्हा ओटीवर भागुबाई बसली होती. शेजारीण, तोंडाची फटकळ. नेत्राने चपला काढायच्या आतच तिने विचारलं, "काय गो, बापूस कसा हाय तुझा? पुण्याची हवा मानवली का त्याला?"

"भागे, गप ऱ्हा," नेत्राची आई सोनूबाई आतून म्हणाली. पण तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तराची वाट तीही बघत होती.

नेत्राचे वडील, चांगदेव घरत, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला येऊन गेलेली मुलगी आठवड्याच्या आत परत का आली, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. नेत्रा "बरं आहे सगळं" एवढंच म्हणाली आणि पाय धुवायला मागच्या दारी गेली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ते तीन शब्दही तिला जड गेले.

चांगदेवने जन्मभर मिठागरात काम केलं. भरतीचं पाणी बांधाच्या दारातून, उघाडीतून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवायचं, मीठ धरलं की फळीने ओढून ढीग घालायचे. त्याच्या उजव्या तळहातावर शाई सांडून पसरावी तसा एक काळपट डाग होता. तो दुखत नव्हता, खाजत नव्हता. एका डॉक्टरने मात्र कर्करोगाची शंका काढली आणि घराचं धाबं दणाणलं. त्या वेळी नेत्रा पुण्याच्या प्रयोगशाळेत बुरशींच्या जनुकांवर काम करत होती. रजा काढून ती आली, वडिलांना उजेडात बसवलं आणि बोथट पात्याने डाग हलकेच खरवडला.

बुरशीच निघाली. जिथे मिठाने बाकी जीव आकसून मरतात, तिथे सुखाने राहणारी काळी बुरशी. नाव ऐकताच धाकटा भाऊ दिपेश दचकला. "हळू बोल, ताये. लोकं परत मास्क लावतील." कोरोनानंतर डोळे घेऊन गेलेली ती ही नव्हे, हे नेत्राने सगळ्यांना समजावलं. साध्या मलमाने डाग महिन्याभरात गेला. हात उलटसुलट बघत चांगदेव म्हणाला, "गेला बिचारा. इतकी वर्सं ऱ्हायला, भाडं काय दिलं न्हाय."

डाग गेला, पण त्यातली बुरशी नेत्राने वाढवून, कुप्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवली होती. वर्षभरात चांगदेव झोपेतच गेला. मिठागराचा बांध फुटला तो कोणी बांधला नाही. दिपेशचा ट्रेलर उरणच्या बंदराला लागला होता, त्याला आगरात उभं राहायलाही सवड नव्हती. तेराव्याला वडिलांचे कपडे, चपला, डोक्याचं फडकं, सगळं वाटून झालं. आई भिंतीला टेकून बसली होती. तेव्हा नेत्रा तिला म्हणाली होती, "आये, बाबांच्या हातावरचं ते अजून जिवंत आहे. माझ्याकडे आहे."

सोनूबाईने तेवढं धरून ठेवलं. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बापूस बरा हाय ना?" नेत्रा हसून हो म्हणायची. खरं तर तिलाही ते विचारलेलं हवं असायचं. कामाचा दिवस वाईट गेला की ती फ्रीझरसमोर जाऊन नुसती उभी राहायची. दार उघडायची नाही, आतली थंडी सुटू नये म्हणून.

आणि या आठवड्यात त्या बुरशीचा जनुकक्रम वाचून आला.

या जातीच्या काही वाणांत जनुकांचे दोन संच सापडतात. फार पूर्वी कधीतरी दोन वेगळे वाण एकमेकांत मिसळले आणि दोघांची जनुकं तशीच शेजारी शेजारी नांदत राहिली. चांगदेवच्या हातावरचा वाण तसाच असेल का, एवढं नेत्राला बघायचं होतं. निकाल सरळ होता आणि तिने तो तीनदा वाचला. कुपीतला वाण प्रयोगशाळेच्या नेहमीच्या वाणाशी अक्षर न् अक्षर जुळत होता. दूरच्या देशातल्या एका मिठागरातून आलेला तो वाण तिथले सगळेच तुलनेसाठी वापरत. वाढवतानाच कधीतरी, कुणाच्या तरी हातून, त्याची पेशी वडिलांच्या वाणात गेली होती आणि वेगाने वाढणाऱ्याने दुसऱ्याला संपवलं होतं. राखीव कुप्याही तिने तपासून घेतल्या. त्यांतही तोच. वडिलांचा कुठेच नव्हता.

जेवणं झाली. भागुबाई गेली. नेत्राने आईला समोर बसवून सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत.

सोनूबाईने पदराची कड बोटावर गुंडाळली.

"मंग वर्सभर मी कोनाची खुशाली विचारत व्हते?"

नेत्रा नखाने जमीन खरवडू लागली.

"तू पन विचारू दिलंस."

"मला माहीत नव्हतं, आये."

"व्हय. तुला कुठनं माहीत असनार." ती उठली, फळीवरून पत्र्याचा एक डबा काढून तिने नेत्रापुढे आदळला. आत जाडं, करड्या झाकेचं मीठ होतं. "शेवटच्या सालचं हाय. तुझ्या बापसानं सोता ओढलेलं. मी जपूनच ठेवलंय. यात नसंल का ते?"

नेत्राने एक खडा उचलला. असू शकत होतं. मिठाच्या खड्यात अडकून ही बुरशी तग धरते. तिच्या पिशवीत निर्जंतुक नळ्या होत्याच. याच डब्याचा विचार करत ती पुण्याहून निघाली होती, आणि वाटेतच तिला कळून चुकलं होतं की उपयोग नाही.

"उगवेल काहीतरी. पण ती बाबांच्या हातावरचीच, हे कशाशी ताडून बघू? हातावरची राहिलीच नाही. एका आगरात किती वाण असतात."

"मंग तू सांग ना, त्योच हाय म्हनून." सोनूबाईचा आवाज खाली आला. "मला काय वाचता येतंय तुझं? तू म्हनशील ते मी धरून चालेन."

एका शब्दाचं काम होतं. आई परत फोन करून विचारू लागली असती आणि आपण परत हो म्हणू शकलो असतो. तो शब्द नेत्राच्या ओठांपर्यंत आला. तिला वडिलांचा हात आठवून बघावासा वाटला, तर डाग नेमका कुठल्या बोटाखाली होता हेच आठवेना.

"नाय सांगता येनार, आये," ती म्हणाली. लहानपणची बोली कधी तोंडात आली ते तिला कळलंही नाही.

सोनूबाई मागच्या दारी गेली. थोड्या वेळाने विळीचा आवाज यायला लागला. नेत्रा उठून दारात गेली. आई कैऱ्या चिरत होती. झाडाखाली पडलेल्या कैऱ्यांचा ढीग सकाळपासून तिथे होता. मयताच्या घरात वर्षभर लोणचं घालत नाहीत. गेल्या साली याच झाडाच्या कैऱ्या शेजारणींनी नेल्या होत्या.

"बघत काय ऱ्हायलीस? फोडी पूस. पानी ऱ्हायलं तर बुरा येतो."

नेत्रा फडकं घेऊन बसली. फोडींची परात भरली तशी सोनूबाई आत गेली आणि तो डबा घेऊन आली.

"आये, थोडं तरी ठेव."

"कशाला? तूच म्हनलीस, त्याचं हाय असं सांगता येत न्हाय." तिने डब्याचं झाकण काढलं. "ठेवून मी परत तुला विचारीन. आन् तू परत न्हाय म्हनशील."

तिने डबा परातीवर उपडा केला. बुडाला चिकटलेला चुरा निघेना, तेव्हा तळहाताने दोनतीन थापा मारून तोही पाडला.

"मिसळ."

नेत्राने डाव शोधला.

"हातानं गो. मीठ फोडीला चोळायला लागतं."

नेत्राने दोन्ही हात परातीत घातले. फोडी पुसताना कोयीची धार लागून बोटाला बारीक चीर गेली होती, तिथे मीठ झोंबलं. तिने हात काढले नाहीत. फोडींना पाणी सुटेपर्यंत ती चोळत राहिली.