सुपारीशिवाय धवला

आवाज आपलाच आहे याबद्दल कमळीबायला तिळमात्र शंका नव्हती. फक्त तिचं तोंड मिटलेलं होतं. ओट्यावर बसून ती सुपातलं सुकट निवडत होती आणि गावदेवीच्या बाजूने तिचाच आवाज, तिच्या चौपट मोठा होऊन, धडधडत येत होता. दम घ्यायच्या जागासुद्धा तिच्याच. तिसऱ्या ओळीनंतर ती नेहमी खाकरायची, तेही खाकरणं आलं. शेजारची सून ओसरीत येऊन आधी तिच्या तोंडाकडे आणि मग देवळाकडे बघायला लागली, तेव्हा कमळीबायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सूप आपटलं, पायात चपलाही न घालता ती रस्त्याला लागली.

काशीरामच्या चिरागचं लग्न होतं. नवरामुलगा वेशीबाहेर पडण्याआधी गावदेवीला नारळ फोडतो, तेवढ्यासाठी गाडी तिथे थांबली असणार. लग्नाची पत्रिका कमळीबायलाही आली होती, सहकुटुंब जेवायला या म्हणून. सुपारी मात्र आली नव्हती. आणि धवलारणीला, म्हणजे लग्नातले विधी धवले गाऊन लावणाऱ्या बाईला, पत्रिका देत नाहीत. घरातलं थोर माणूस तिच्या दाराशी येतं, पानावर सुपारी ठेवून तिच्या पदरात घालतं, ती पदराला गाठ मारते, आणि मग हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्न तिच्या तोंडाने चालतं. काशीरामचं लग्न असंच कमळीबायच्या सासूने लावलं होतं. त्याच्या मुलीचं, दिपिकाचं, दोन वर्षांपूर्वी कमळीबायने लावलं. या खेपेला मात्र काशीराम मोटारसायकलवरून खालीसुद्धा उतरला नव्हता. लग्न आगाशीला, हॉल अर्ध्या दिवसाचा, मुलीकडचे भटजी घड्याळ बघणारे, धवल्याला वेळ कुठला, असं रस्त्यावरूनच सांगून तो गेला. कमळीबाय बरं म्हणाली. चार दिवस ते 'बरं' तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं.

देवळापाशी जितेशची नवी पांढरी गाडी उभी होती, झेंडूच्या माळांनी लपेटलेली, चारी दारं सताड उघडी. जितेश हा काशीरामचा पुतण्या, अंधेरीला कंपनीत कामाला. गाडीत बसवलेल्या सिस्टीमचं त्याला काय कौतुक. काचेखाली चिरागचा तो बोट लावून चालणारा मोबाईल ठेवलेला, त्याला एक काळी वायर, आणि त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कमळीबाय. भोवती पंचवीसतीस माणसं जमली होती. पोरं पत्र्याला कान लावून हसत होती, कारण आवाजाने पत्रा थरथरत होता.

तिला बघून चिरागचा चेहरा फुलला. मुंडावळ्या बाजूला सारून तो पुढे आला आणि हौसेने सगळं सांगत सुटला. आत्या हटून बसली होती की धवल्याशिवाय नवरा वेस ओलांडणार नाही. मग त्याला आठवलं की ताईच्या लग्नात आपण मोबाईलवर टेप केलं होतं. तेच जोडलं. आता आजीला उन्हातान्हात दगदग नको.

"तुझाच आवाज हाय, आजी," तो म्हणाला. "सिस्टीमवर कसला भारी वाजतोय बघ."

आणि त्याला खरंच वाटत होतं की आपण म्हातारीचा मान केला. हेच तिला सोसेना. मुद्दाम अपमान केला असता तर ती भांडली असती, तोंडाला तोंड दिलं असतं, गावाने ऐकलं असतं. हा तर दात काढून उभा होता. मेल्याला एवढं कळू नये की धवला म्हणजे कॅसेटचं गाणं नव्हे, की लावली आणि वाजली. धवला त्या घरासाठी बांधलेला असतो, त्या दिवसासाठी, त्या माणसाच्या नावाने. नवऱ्याच्या निघणीचा वेगळा, नवरीच्या पाठवणीचा वेगळा.

इथे ती थबकली. आतापर्यंत रागाच्या भरात तिने फक्त आवाज ऐकला होता, शब्द ऐकलेच नव्हते. ते आता ऐकले. गाडीत पाठवणीचा धवला लागला होता. घोड्यासारखा वाढलेला चिराग ब्लेझर घालून उभा होता आणि त्याच्या गाडीतून सासरी निघालेल्या मुलीला निरोप दिला जात होता. एरवी कमळीबाय पोट धरून हसली असती. पण तिची नजर मागच्या सीटवर गेली.

तिथे दिपिका बसली होती. खिडकीच्या बाजूला अंग चोरून, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. हा धवला तिचा होता. त्यात नाव तिचं होतं.

दिपिका आठ महिन्यांत सासरहून परत आली होती. दंडावर डाग होते, ते तिने कुणाला दाखवले नाहीत आणि कुणी त्याबद्दल विचारलं नाही. घरात तिचं आत येणं जाणं होतं, खाणंपिणं होतं, पण चारचौघांत तिचं नाव काढायचं नाही असं जणू ठरूनच गेलं होतं. भावाच्या लग्नात करवली म्हणून कऱ्हा धरायचा मान सख्ख्या बहिणीचा. तो कऱ्हा, वर नारळ ठेवलेला, पुढच्या सीटवर पिंकी धरून बसली होती. पिंकी चुलत्याची मुलगी. तिची काय चूक, दिला म्हणून धरला. पण ज्यांनी दिला त्यांना लाज वाटली नाही, आणि वर मागे बसवून त्या पोरीला तिचीच पाठवणी ऐकवत होते. भोवतीच्या एकाच्याही लक्षात येत नव्हतं. शब्द ऐकतो कोण. दिपिका ऐकत होती. तिची मान खाली होती आणि ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

कमळीबायने वायरीला हात घातला. उपटून फेकायलाच घातला होता. पण हात तिथेच राहिला.

लागलेला धवला मध्ये तोडायचा नाही, हे सासूने तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. घशातून रक्त आलं तरी पुरा करायचा. तुटला तर ज्याच्या नावाचा असेल त्याच्यावर जातो. आणि नाव होतं दिपिकाचं. तिच्या वाट्याला आलं तेवढं पुरे नव्हतं का? गाडीतून येणाऱ्या आवाजाला हा नियम लागतो की नाही, हे सांगायला सासू जिवंत नव्हती. कमळीबायने हात मागे घेतला. म्हातारीला आवाज मोठा होतोय असं समजून जितेश बटण फिरवायला गेला, तर तिने त्याच्या हातावर फटका मारला.

"दाबू नको. चालू धवला दाबीत नाय."

नारळ घेऊन पायरीवर उभा असलेला काशीराम आता खाली आला. काय झालं, उशीर होतोय, असं काहीतरी तो पुटपुटला. कमळीबायने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती ओळी मोजत होती. देवाचं नाव झालं. आईचं झालं. मामाचं चालू होतं. त्यानंतर बापाचं नाव आणि मग मुलीचं. चार ओळी. तीन. गाडीतली कमळीबाय दोन वर्षांनी तरुण होती, तिला कसली घाई नव्हती, ती आपली संथ सुरात परक्या दाराच्या दिशेने चालली होती.

कमळीबायने गाडीच्या दारावर हात टेकला, छाती भरून घेतली आणि स्वतःच्या आवाजावर आवाज चढवला. घसा सकाळपासून कोरडा होता, सूर चिरकला. पण ठेका तोच, उचल तीच. आतली बाई म्हणाली की काशीरामाची लेक चालली, आणि त्याच क्षणी बाहेरची बाई म्हणाली,

"काशीरामाची लेक गो दिपिका, आली आपले दारा.
भावाचे लग्नाचा कऱ्हा, द्यावा गो तिचे हाता."

पोरांचं हसणं थांबलं. कमळीबायने त्या ओळी धवल्याच्या रीतीने तीनदा घेतल्या, आणि दर खेपेला दिपिकाचं नाव आणखी मोठ्याने. ती परत आल्यापासून गावात कुणी ते नाव इतक्या उघड घेतलं नव्हतं. देवळाच्या ओट्यावरच्या दोघी म्हाताऱ्यांनी सवयीने शेवटची ओळ उचलून धरली. धवला संपला.

धवलारणीने धवल्यात सांगितलेलं लग्नघराने करायचं असतं. पिंकी कऱ्हा घेऊन काशीरामकडे बघत राहिली. काशीराम हातातल्या नारळाची शेंडी पिळत राहिला. आत्या म्हणाली की परत आलेल्या पोरीच्या हाती कऱ्हा म्हणजे नव्या नवरीला बरं नाही. ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं.

मोबाईल मात्र अजून चालूच होता. दिपिकाच्या लग्नात धवला संपल्यावर चिरागने टेप करणं बंद केलंच नव्हतं. गाडीतून भांड्यांचे आवाज आले, कुणाचं तरी लहान मूल रडलं, आणि मग अगदी जवळून एका पुरुषाचं हुंदके देणं. तो बोलत होता. शब्द नीट फुटत नव्हते, तरी सिस्टीम चांगली असल्याने स्वच्छ कळत होते.

"रडू नको गो बाय. काय पन झाला तं मना हाक मार. मी येन. आर्ध्या राती येन."

काशीरामचाच आवाज होता. दिपिकाने हाक मारली होती. एकदा नव्हे, दर आठवड्याला, सासरच्या कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवरून. तो गेला नव्हता. सगळी सासरं अशीच असतात, जरा सोस, असं सांगत राहिला होता, आणि शेवटी ती एकटीच एसटीने आली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि गाव आता गाडीकडे न बघता काशीरामकडे बघत होतं.

मोबाईल आपोआप थांबला. काशीरामने नारळ पायरीवर ठेवला. पुढच्या दाराशी जाऊन त्याने पिंकीच्या हातातून कऱ्हा घेतला, मागे गेला आणि दिपिकापुढे धरला. तिने आहेराची पिशवी बाजूला ठेवली, खाली उतरली, कऱ्हा घेतला आणि बापाकडे न बघता पुढच्या सीटवर जाऊन बसली. पिंकी निमूट मागे गेली. आत्याने नाक मुरडलं.

कमळीबायचा राग तरीही उतरला नव्हता. उलट वाढलाच होता, कारण तिच्या धवल्याने हा माणूस हलला नव्हता. हलवलं ते त्या डबड्याने. हे तिला कळत होतं आणि कबूल करायचं नव्हतं.

काशीराम पूजेच्या ताटातली सुपारी घेऊन तिच्यासमोर आला. डोळे पुसत म्हणाला, चुकलो, आता चल, गाडीत बस, आगाशीला तूच लग्न लाव. चिरागही मान डोलवत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आपण नेमकं काय केलं हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नव्हतं.

कमळीबायने पदर पुढे केला नाही.

"रस्त्यावरचे सुपारीला मी येत नाय, काशीराम," ती म्हणाली. "हिचा लगीन परत करशील ना, तवा ये. घरा ये. पान घेऊन ये."

पुढच्या सीटवर दिपिकाने पहिल्यांदा मान वर केली. काशीराम सुपारी मुठीत धरून तसाच उभा राहिला. मग चिरागने नारळ फोडला, दारं लागली, जितेशने वायर काढून गुंडाळून ठेवली आणि गाडी उमेळ्याच्या रस्त्याला लागली. आत काहीच वाजत नव्हतं.

कमळीबाय अनवाणीच परत आली. तापलेल्या डांबराने तळवे भाजले होते. ओट्यावरच्या सुपात मांजराने तोंड घातलं होतं, तिला तिने शिवी हासडून हाकललं. मग बसली आणि उरलेलं सुकट निवडायला घेतलं. निवडता निवडता तिचा हात सवयीने पदराच्या टोकाकडे गेला. तिथे गाठ नव्हती. तिने ते टोक मांडीवर पसरलं, चुरगळलेलं होतं ते तळहाताने सारखं केलं, आणि तसंच मोकळं राहू दिलं.