सुई सापडंना

उदगीरच्या चर्चमधल्या भगिनी मंडळाचा एक कायदा होता, आणि तो केवळाबाईनंच आणलेला. वाकळ शिवून झाली की गोरगरिबांना वाटायला न्यायच्या आधी मंडळातल्या एकीनं एक रात्र ती अंथरून-पांघरून बघायची. आत सुई राहिली असली तर आधी आपल्याला टोचू दे. मागल्या साली ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत, दिलेल्या एका वाकळीत सुई निघाली आणि लेकराची पाठ रक्ताळली. धर्म करायला गेलो अन् पाप पदरात पडलं, असं केवळाबाईनं तेव्हा पाळकसाहेबांच्या तोंडावर सुनावलं होतं. बाई तोंडाची तिखट.

यंदा हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. बायांना बरंच वाटलं. टोचून घ्यायची हौस कुणाला असते? केवळाबाई एक वाकळ काखेत मारून घरी न्यायची, सकाळी आणून द्यायची, दुसरी न्यायची. कुणाच्या ध्यानीमनी काही आलं नाही. भाद्रपदात नाल्याचं पाणी तिच्या घरात शिरलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण काय काय गेलं म्हणून विचारलं की ती म्हणायची, थोडं भिजलं. थोडं कसलं डोंबलाचं! खाट मोडली, गाद्या-वाकळा कुजून उकिरड्यावर गेल्या. पण जन्मभर जिचा हात देताना वर राहिला, तिनं तो खाली कसा धरायचा? पुण्यातल्या लेकालाही, सुदर्शनलाही, तिनं कळू दिलं नव्हतं.

नाताळ तोंडावर आला आणि शिवणकाम संपलं. आता पारखायला नवी वाकळ मिळणार नव्हती, म्हणून शेवटची केवळाबाईनं दाबून ठेवली. मंडळाची चिटणीस शिल्पा मागायला गेली, तर हिनं तिला दारातूनच वाटेला लावलं. सुई हाय ह्यात, टोचली मला, पण सापडंना, म्हणाली. पुन्हा गेली तरी तेच. थंडीनं हाडं गोठायची वेळ आली आणि कोप्यांवरचे लोक वाट बघून राहिलेले. शिल्पाचं डोकं फिरलं. सुई आहे की साप, असं ती चारचौघींत बोलली, आणि ते केवळाबाईच्या कानावर गेलं. तिला लागलं, पण वाकळ काही तिनं सोडली नाही.

रविवारी उपासना सुटल्यावर शिल्पा मंडळातल्या सगळ्यांत जुन्या साखराबाईला घेऊन सरळ घरीच आली. मिळून शोधू म्हणाली, आणि केवळाबाई आडवी यायच्या आत दोघी उंबरा ओलांडून आत. भिंतींना पोपडे धरलेले. भुईवर खताची रिकामी पोती अंथरलेली, त्यांवर ती एकच वाकळ. बाकी घरात अंगावर घ्यायला चिंधी नव्हती.

शिल्पा बघतच राहिली. केवळाबाई चुलीपाशी पदराचं टोक पिळत उभी. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

साखराबाई मात्र खाली बसली. तिनं वाकळीवरून हात फिरवला, एकेक कोपरा चाचपला.

"हाव, सुई हाय," ती म्हणाली. "लई आत गेलीय. असली वाकळ लेकरावाल्यांना द्यायची न्हाई, शिल्पा. राहू दे हितंच."

शिल्पानंही मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. केवळाबाईनं नुसतं गप्प बसायचं होतं, की झालं. पण ते तिला जमेना. कोप्यांवरच्या किती बाया हात पुढं करायला कचरायच्या, आणि हीच त्यांना दटावायची, घे गं, लाजायचं काय त्यात. आता तिचं तिलाच कळलं, की काय असतं त्यात.

"सुई-बिई काय न्हाई," ती म्हणाली. "पांघरायला न्हाई मला. थंडी सोसंना. ही मला द्या."

साखराबाई उठली, वाकळ झटकली आणि तिच्या खांद्यांवर घातली. केवळाबाई लाजली, लई लाजली. पण वाकळ तिनं दोन्ही हातांनी धरली आणि गळ्याशी ओढून घेतली.