न फिरवलेला कॉक

मित्रांनो, नाक मुरडलेत ना? मुरडा, मला सवय आहे. मी एका छोट्या शिडाच्या बोटीतला जुना संडास आहे. बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, कपाटाएवढ्या खोलीत चार बोल्टांनी मला जखडले आहे. खिडकी नाही. दार लावले की बसणाऱ्याचे गुडघे दाराला टेकतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. उजव्या बाजूला पितळी हातपंप. घरातल्या संडासाला वरच्या टाकीतून पाणी मिळते, मला मात्र ते समुद्रातून ओढावे लागते. एक नळी समुद्राचे पाणी आत आणते, दुसरी घाण टाकीत नेते. पाणी आणणारी नळी बोटीच्या तळाला जिथे सुरू होते, तिथे एक कॉक आहे. काम झाले की तो बंद करायचा, एवढाच नियम. तो उघडा राहिला आणि नळी निसटली, तर समुद्र सरळ बोटीत शिरतो.

बोटीचे मालक फेरीबोटीच्या तिकीटघरातून निवृत्त झालेले कारकून. बोट घेतल्यापासून धक्क्यावर सगळे त्यांना ‘कप्तान’ म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांची बायको शिडे शिवायची. तिचा टाका कधी उसवत नसे.

सुरुवातीला माझे कोण कौतुक! पाहुणे आले की कप्तान त्यांना आधी माझ्याकडे आणत आणि पंप मारून दाखवत. बायको दर पंधरवड्याला पंपाला तेल देई, कॉक फिरवून बघे. एकदा तिने जुनी नळी बदलायला घेतली, तर कप्तान म्हणाले, “अगं, राहू दे. हे यंत्राचं काम आहे, तुला नाही जमायचं.”

तिने पाना खाली ठेवला. त्यानंतर देखभालीसाठी मला कोणी हात लावला नाही. नळीत खाऱ्या पाण्याची पुटे चढली. पंप जड झाला, मी कण्हू लागलो. कॉक तर सोय म्हणून कायमचा उघडाच राहिला.

एका दुपारी दोघेच बोट घेऊन बंदराबाहेर गेले. वारा वाढला, बोट हेलकावू लागली. बायको आत आली. दार ओलीने फुगले होते, म्हणून तिने खांदा लावून ते घट्ट ढकलले. काम झाल्यावर पंप मारू लागली, तर तो हलेना.

“अहो, पंप बसलाय!”

“जोर लाव, जाईल!” कप्तान वरून ओरडले.

तिने अंगाचा सगळा भार टाकला. माझ्या मागे कडकन आवाज झाला. नळी आवळणारी गंजकी पट्टी तुटली, नळी निसटली आणि अंगठ्याएवढी जाड धार आत घुसली. तिने दार ओढले, तर कडीच हातात आली.

“अहो, पाणी येतंय! दार उघडत नाही!”

कप्तान धावत खाली आले. बाहेरून धडका दिल्या, दार ढिम्म. तेवढ्यात सुकाणू सोडलेली बोट वाऱ्याला आडवी होऊन कलली.

“तुम्ही वर जा, सुकाणू धरा!” ती ओरडली. “हत्यारं कुठं आहेत?”

“आतच! तिथल्या छोट्या बाकाखाली!” जिन्यावरून आवाज आला. “आधी कॉक बंद कर!”

ती पालथी झाली. गाल माझ्या थंड अंगाला टेकला होता, हात माझ्या मागे. माझे बोल्ट मला सोडत नव्हते, तिला दार सोडत नव्हते. पाणी वाढत होते आणि मला काहीच करता येत नव्हते.

“हलत नाहीये हो! शेवटचा कधी फिरवला होता?”

वरून उत्तर आले,

“तू फिरवायचीस तेव्हा.”

बाकाखालून तिने हत्यारांची पेटी ओढली. पेटीतून तेल काढून तिने चाचपडत कॉकवर ओतले. माझ्या पंपाची पोकळ दांडी उपसली आणि कॉकच्या आखूड दांडीवर चढवली.

“जोर लाव!”

“गप्प बसा! जोर लावला तर तुटेल.”

किंचित पुढे, किंचित मागे. पाणी तिच्या कोपरापर्यंत आले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. करकर झाली, कॉक फिरला आणि धार थांबली. ती तशीच पडून राहिली. तिचे हृदय माझ्या अंगावर धडधडत होते.

मग तिने दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, पकडीने दार आत ओढले आणि बाहेर आली. वर कप्तान पांढरेफटक पडले होते.

“मी...” ते म्हणाले.

“सुकाणू इकडे द्या. खाली जाऊन पाणी उपसा.”

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर तिने मला पूर्ण खोलले. नवी नळी, नवे रबर, एकाऐवजी दोन पट्ट्या. कप्तान शेजारी बसून नट एका वाटीत ओळीने ठेवत होते आणि मध्येच विचारत होते, “हा कुठला गं?” ती सांगत होती.

मी पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत आहे. मित्रांनो, एक मागणे आहे. घरी गेलात की पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते शोधा आणि एकदा फिरवून बघा. जड लागला तर मोठ्यांना सांगा, तेल घाला, हळूहळू हलवा. आणि घरात कुणाला ते काम येत असेल, तर त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. त्या दुपारी तिला सात-आठ मिनिटे मिळाली. सगळ्यांना तेवढी मिळतीलच असे नाही.