कराराची उरलेली वर्षं
न्यूझीलंडमधल्या टौरंगातल्या एका बेसबॉल क्लबने चेंडू फेकणाऱ्या पिचर श्रीनाथशी दहा वर्षांचा करार केला आणि तिसऱ्याच वर्षी त्याचा उजवा खांदा कामातून गेला. भलामोठा पगार मात्र द्यावाच लागत होता. लाजून स्वतःच सोडून जाईल, म्हणून मॅनेजरने त्याला मैदानात पाणी वाटायला लावलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही लोक त्याला 'फुकट्या' म्हणू लागले. तरी श्रीनाथ रोज कडक इस्त्रीची जर्सी घालून हजर, डाव्या हातात पाण्याचा क्रेट.

शेवटी मॅनेजरच वैतागला. "तुला लाज कशी वाटत नाही?"

"का वाटावी? खांदा दुखतोय म्हणून सांगत होतो, तरी फायनलला मलाच उतरवलंत. तो कप अजून तुमच्या ऑफिसात मिरवताय," श्रीनाथ म्हणाला. "उद्या किती वाजता येऊ?"