घडीत गेलेली मुलगी

"काय म्हणाल्या?" अरुंधतीने विचारलं आणि विचारता विचारताच संपदाचा चेहरा बघून तिला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

संपदा पुस्तकाची नमुना प्रत छातीशी धरून परत आली होती. फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात एका कोपऱ्यात ओळीने टेबलं मांडली होती. पलीकडे बालपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनांचे संपादक, अलीकडे चित्रं घेऊन आलेली होतकरू मंडळी. पाळी आली की बसायचं, चित्रं दाखवायची, उठायचं. याच्यापेक्षा मुलगी दाखवायचा कार्यक्रम परवडला, तिथे निदान पोहे तरी मिळतात, असं सकाळी अरुंधतीच म्हणाली होती आणि संपदा पोट धरून हसली होती.

"रंग आवडले त्यांना," संपदा म्हणाली. "पण इंग्रजीत सरळच म्हणाल्या, तुमच्या गोष्टीतली मुलगी कुठेय? मी दाखवली. तर तिच्या चेहऱ्यावरच बोट ठेवलं. म्हणाल्या, खरं पुस्तक बांधलं की ही घडीत जाणार, दिसणारच नाही. सगळ्या मेन पानांवर तेच झालंय. आणि विचारलं, तुमचा चित्रकारांचा ग्रुप आहे ना, तिथे हे कुणी सांगितलं नाही?"

"मग?"

"मी नाही म्हणाले. खरंच कुणी सांगितलं नव्हतं ना, ताई."

सांगितलं होतं, चांगलं सविस्तर सांगितलं होतं. ते संपदापर्यंत पोहोचलं नव्हतं एवढंच, कारण मध्ये अरुंधती बसली होती.

हायडलबर्गच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर, महिन्यातून एकदा तो ग्रुप जमायचा. खोली फुकट मिळायची, कॉफी ज्याची त्याने आणायची. फ्राउ लिंडनर नावाच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका सगळं चालवायच्या. कुणी छापखान्यातला उरलेला जाड कागद घेऊन यायचं, कुणाचा स्कॅनर सगळ्यांच्या उपयोगी पडायचा, सध्या कुठल्या प्रकाशनाला चित्रं पाठवावीत याची खबर कुणीतरी आणायचं. आणि एकाची चित्रं टेबलावर पसरली की बाकीच्यांनी त्यात काय चुकलंय ते दाखवायचं, हा तिथला शिरस्ता. नुसतं कौतुक करून सुटायची सोय नव्हती. वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या देवदत्तची बायको, एवढीच ओळख उरलेल्या अरुंधतीला या टेबलाने पुन्हा माणसांत आणलं होतं. पहिलं वर्षभर ती तिथून रडवेली होऊनच घरी यायची, आणि पुढच्या खेपेला चित्र सुधारलेलं असायचं.

संपदाला तिथे तिनेच नेलं. पोरगी मूळची सांगलीची, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणारी. प्रयोगशाळेतून सुटली की जलरंग घेऊन बसायची. इन्स्टिट्यूटमध्ये सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे तिचं जर्मन बेकरीत पाव मागण्यापुरतं. ग्रुपमध्ये फ्राउ लिंडनर बोलायच्या आणि अरुंधती तिच्या कानाशी मराठीत सांगायची. हे काम अरुंधतीला मनापासून आवडायचं. कुणीतरी आपल्यावाचून अडतंय, हे सुख तिला या देशात फारसं मिळालं नव्हतं.

संपदाची गोष्ट होती शाळेच्या रिक्षाची. दाटीवाटीने कोंबलेली मुलं आणि कायम मधोमध चेपलेली बकुळा. म्हणून समोरासमोरच्या प्रत्येक जोडपानावर बकुळा बरोबर मध्यावर, दोन पानांच्या जोडावर. लॅपटॉपवर ती झकास दिसायची. घरी पातळ कागदावर छापून स्टेपल केलेली प्रतही सपाट उघडायची, त्यामुळे संपदाच्या ते लक्षात येणं कठीणच होतं.

उन्हाळ्यातल्या बैठकीत फ्राउ लिंडनर बराच वेळ बोलल्या. मुलीला घडीतून बाहेर काढा, सगळी जोडपानं नव्याने आखा, हे केल्याशिवाय मेळ्याला जाऊ नका. त्या आठवड्यात संपदाचा गाइड तिच्यावर उखडला होता. ती डोळे मोठे करून अरुंधतीकडे बघत होती.

"काय म्हणतायत, ताई?"

"आवडलंय त्यांना. मधल्या जागेकडे जरा बघ म्हणतायत. बाकी छान."

एवढंच. आपल्यात कुणी असं तोंडावर बोलत नाही, पोर परक्या देशात एकटी आहे, अशी समजूत अरुंधतीने स्वतःची घातली होती. तेव्हा तिला आपण फार मायाळू आहोत असं वाटलं होतं. पण तिच्या स्वतःच्या सायकलीच्या गोष्टीला फ्राउ लिंडनर आदल्या वर्षी हेच बोलल्या होत्या आणि तिने निमूटपणे सगळी पानं पुन्हा काढली होती. आज संपदाच्या आधी त्याच संपादकबाईंनी अरुंधतीची चित्रं ठेवून घेतली होती, पूर्ण पुस्तक पाठवा म्हणाल्या होत्या. गोड बोलणं एवढं भल्याचं असतं, तर तिने ते स्वतःसाठीही मागून घेतलं असतं. हा विचार मनात आला आणि तिला जागच्या जागी लाज वाटली.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. मानहाइमपर्यंतची वाट एकच होती. देवदत्तने घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अरुंधतीची बातमी टाकली होती. नाशिकहून सासूबाईंचा बोलका निरोप आला, तो उघडताच फोनमधून मोठ्याने वाजला, "अरुंधती, नाव काढलंस हो." तिने घाईघाईने आवाज बंद केला आणि फोन पालथा घातला.

"संपदा," ती म्हणाली, "घडीचं फ्राउ लिंडनरनी सांगितलं होतं. उन्हाळ्यात. मीच तुला नीट सांगितलं नाही."

संपदा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "वाटलं होतं मला. त्या केवढं बोलल्या आणि तुम्ही एका वाक्यात संपवलंत. मी म्हटलं, जर्मन लांबलचकच असतं."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"माझा गाइड रोज माझ्या चुका काढतो, ताई. वाईट वाटून घ्यायची सवय आहे मला. वाटू द्यायचं होतंत." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "तुमच्या सायकलीच्या वेळी पण हेच म्हणाल्या होत्या का त्या?"

अरुंधतीने मान डोलावली. संपदा बरसली असती तर तिला सोसलं असतं. ही पोरगी नुसती समजून घेत होती, आणि आपल्याला कुणी इतकं नीट समजून घेऊ नये असं अरुंधतीला वाटत होतं. मानहाइमला "येते हं" म्हणून संपदा आपल्या फलाटाकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

नोव्हेंबरच्या बैठकीला ती येणार नाही, अशी अरुंधतीची खात्री होती. खरं तर तिला थोडी आशाच होती. पण संपदा आली आणि फ्राउ लिंडनरच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. तिने सगळी पानं नव्याने आखली होती. बकुळा आता डाव्या पानावर होती, अख्खीच्या अख्खी. काय चुकतंय ते हळू सांगाल का, असं तिने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये स्वतःच विचारलं. फ्राउ लिंडनर हळू बोलू लागल्या. एका शब्दावर संपदा अडली. अरुंधती तो शब्द सांगायला पुढे झुकलीच होती.

"राहू द्या, ताई," संपदा म्हणाली आणि तिने फ्राउ लिंडनरनाच पुन्हा विचारलं.

पाळीपाळीने सगळे बोलले. अरुंधतीची पाळी आली. तिने पानं नीट पाहिली. चूक होती, आणि ती तिला दिसत होती. "संपदा, मला असं वाटतं..." तिने सुरुवात केली.

"जर्मनमध्ये सांगा ना," संपदा म्हणाली. "सगळ्यांना कळू दे."

अरुंधती जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मुलगी आता दिसते, पण चेपलेली दिसत नाही. तिच्याभोवती फार मोकळी जागा झालीय. हे पान पुन्हा काढावं लागेल."

संपदाने ते पेन्सिलीने पानाच्या कडेला टिपून घेतलं.

"डांके," बाकीच्यांचे आभार मानताना म्हणाली होती तसंच ती अरुंधतीलाही म्हणाली, आणि तिने पान पुढच्या बाईंकडे सरकवलं.